नाव किती वेळा घेतलं ते कळलं, कशासाठी घेतलं?

माननीय संपादक यांस,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका आरोग्य-संशोधकाच्या गौरवाची बातमी वाचली. 'जगातील अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांत निवड' असा मथळा, शेजारी हसरा फोटो. बातमी मी दोनदा वाचली आणि मग जुन्या सवयीने पेन्सिल घेऊन बसले. चार परिच्छेदांत शोधनिबंधांची संख्या तीन वेळा आली आहे, सायटेशनची, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत घेतलेल्या उल्लेखांची, दोन वेळा, आणि त्यावरूनच काढलेला एच-इंडेक्स (तो काय ते पुढे सांगते) एकदा. या गृहस्थांनी नेमकं काय शोधून काढलं, ते एकदाही आलेलं नाही. कोणत्या आजारावर, कोणत्या रुग्णांमध्ये त्यांनी काम केलं, तेही नाही. 'सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील भरीव योगदान' एवढ्यावर भागवलं आहे.

या संशोधकांना मी ओळखत नाही. त्यांचं काम उत्तम असेलही, आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. मात्र एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी 31 वर्षं गेली आणि त्यातली शेवटची पंधरा तरी असेच आकडे काढून देण्यात गेली. त्यामुळे हे आकडे कसे तयार होतात, ते मला आतून ठाऊक आहे.

आधी मथळ्याबद्दल. या यादीत 'निवड' होत नाही. अर्ज नसतो, समिती नसते, मुलाखत नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीसंचावरून सायटेशनचे तक्ते काढून ते सर्वांसाठी खुले केले, आणि तेव्हापासून ते अद्ययावत होत असतात. सहा निरनिराळ्या मोजमापांचा एक मिश्र गुण काढायचा आणि त्यावरून क्रम लावायचा, अशी ती पद्धत. एक तक्ता संपूर्ण कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षाचा. आपल्या बातमीतला तक्ता यातला कोणता, याचा पत्ता नाही, आणि दोन्हींत फरक फार मोठा आहे. आयोनिडिस ज्या विद्यापीठात शिकवतात त्या विद्यापीठाने हा सन्मान दिला असंही बातमीत म्हटलं आहे. विद्यापीठाने कुणाला काही दिलेलं नाही. गंमत म्हणजे त्याच तक्त्यात स्वतःच स्वतःचे संदर्भ दिले ते धरून आणि ते वगळून असे वेगवेगळे रकाने असतात. अलीकडच्या आवृत्त्यांत तर चूक किंवा लबाडी निघाल्याने नियतकालिकाने मागे घेतलेल्या पेपरांचाही हिशोब दिलेला असतो. बातमी लिहिणाऱ्याने दोन रकाने उजवीकडे सरकून पाहिलं असतं तर निदान तेवढं तरी वाचकांना कळलं असतं.

आता माझ्या टेबलाकडे येते. पदोन्नतीचे अर्ज निघाले की डॉक्टरमंडळी ग्रंथालयात दिसू लागत. एरवी वर्षभरात जे कधी जिना चढले नाहीत तेही येत. 'मॅडम, माझा एच-इंडेक्स काढून द्या ना.' मी विचारायची, 'कुठला हवा?' समोरचा गोंधळायचा. एच-इंडेक्स म्हणजे रक्तगट, एकदा तपासला की झालं, असा बहुतेकांचा समज होता. प्रत्यक्षात एकाच माणसाचा एकाच दुपारी मला तीन ठिकाणी तीन आकडे मिळत. वेब ऑफ सायन्समध्ये सर्वांत कमी, स्कोपसमध्ये थोडा जास्त, गूगल स्कॉलरवर सर्वांत जास्त. यात लबाडी काही नाही. पहिले दोघे ठरावीक नियतकालिकं पारखून घेतात आणि तेवढ्याच पेपरांच्या संदर्भसूच्या मोजतात. गूगल स्कॉलर इंटरनेटवर जे सापडेल ते मोजतं, प्रबंध, परिषदेतले गोषवारे, कुणी आपल्या संकेतस्थळावर टाकलेली पीडीएफसुद्धा. तिन्ही आकडे मी कागदावर लिहून द्यायची. अर्जावर कोणता चढत असेल, ते सांगायला नको.

गूगल स्कॉलरचं ते जाळं किती खुलं आहे, ते 2024 मध्ये दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराला लेखक करून दाखवलं. मांजराच्या नावावर अर्थहीन मजकुराचे पेपर, त्यांचे संदर्भ देणारे तितकेच अर्थहीन आणखी पेपर, सगळे एका संकेतस्थळावर चढवले, आणि गूगल स्कॉलरने मांजराची सायटेशन निमूटपणे मोजून दिली.

माझ्याकडे मांजर कधी आलं नाही, पण नावांचा घोळ रोजचा होता. एका स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नावावर पिकांवरच्या बुरशीचे चौदा पेपर लागले होते. आडनाव तेच, आद्याक्षरं तीच, माणूस भलताच. मी ते काढून टाकू लागले तेव्हा ते म्हणाले, 'राहू द्या, कोण बघतंय!' मी काढले. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. उलटा प्रकार स्त्री-डॉक्टरांच्या बाबतीत. लग्नाआधीचे पेपर एका आडनावावर, नंतरचे दुसऱ्या. संगणकाच्या लेखी त्या दोन बायका, दोघींचाही एच-इंडेक्स बेताचा. एका प्राध्यापिकेचे असे दोन तुकडे मी जोडून दिले, तर त्यांचा आकडा एका दिवसात सहाने वाढला. त्या दिवशी त्यांनी कोणतंही संशोधन केलेलं नव्हतं. 2012 पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक संशोधकाला मोफत मिळतो, तो हाच घोळ टाळण्यासाठी. तो घ्या म्हणून मी किती जणांच्या मागे लागले! घेतलेला क्रमांक पेपर पाठवताना लिहायचाही असतो, हे सांगायला पुन्हा वेगळं मागे लागावं लागे.

एच-इंडेक्स म्हणजे काय, हे एकदा तुमच्या वाचकांना सांगावंच. खोर्खे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो 2005 मध्ये सुचवला. तुमचे 20 पेपर असे असतील की त्यातल्या प्रत्येकाचा किमान 20 वेळा कुणीतरी संदर्भ दिला आहे, पण 21 पेपर प्रत्येकी किमान 21 वेळा असं म्हणता येत नसेल, तर तुमचा एच-इंडेक्स 20. एवढंच. आता समजा एकाने आयुष्यात पाचच पेपर लिहिले आणि प्रत्येकाचा हजार वेळा उल्लेख झाला. त्याचा एच-इंडेक्स 5. दुसऱ्याचे वीस पेपर, प्रत्येकाचा वीस वेळा उल्लेख. त्याचा 20. पहिल्याची एकूण सायटेशन 5,000, दुसऱ्याची 400. आपल्या बातमीच्या हिशोबाने दुसरा चौपट मोठा. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त होऊन घरी बसला तरी तो एक तर तिथेच थांबतो, नाही तर वाढतो. त्यामुळे साठीच्या प्राध्यापकाची आणि तिशीतल्या मुलीची तुलना त्यावरून करायची म्हणजे पावसाळ्यांची संख्या मोजण्यासारखंच आहे. आणि विषयाविषयांतही फरक असतोच. कर्करोगावर लिहिणारे हजारो, म्हणून एकमेकांचे संदर्भ देणारेही हजारो. सर्पदंशावर लिहिणारे मोजके. म्हणून सर्पदंशाचा अभ्यास करणारा कमी प्रतीचा ठरतो का?

आता सायटेशन. संशोधक पेपर लिहिताना शेवटी संदर्भसूची देतो. त्या सूचीत तुमचा पेपर आला की तुमच्या खात्यावर एक सायटेशन जमा. कशासाठी आला, हे कुणी विचारत नाही. स्तुतीला आला, टीकेला आला, वापरलेली पद्धत सांगायला आला, की प्रस्तावनेच्या पहिल्या ओळीत भरतीला आला, सगळ्यांचं वजन सारखं. जीवशास्त्रातल्या सर्वाधिक उल्लेखलेल्या पेपरांत पहिला मान आहे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या 1951 च्या पेपरला. तो कोणत्याही आजाराबद्दल नाही. द्रावणात प्रथिनं किती आहेत ते मोजायची कृती त्यात दिली आहे. ती कृती ज्याने ज्याने वापरली त्याने त्याने संदर्भ दिला, आणि सायटेशन तीन लाखांवर गेली. तो काही थोर पेपर नव्हे, हे लाउरींनी स्वतःच कबूल करून टाकलं होतं. याउलट डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा पेपर 2014 मध्ये मोजला तेव्हा पहिल्या शंभरातही नव्हता.

विज्ञानात सायटेशनची सूची सुरू केली ती यूजीन गारफिल्ड यांनी, आणि ती कल्पना त्यांना सुचली वकिलांकडून. 1873 पासून अमेरिकेत शेपर्ड नावाची एक सूची चालत आलेली होती. एखाद्या निकालाचा आधार घ्यायचा तर तो निकाल पुढच्या कोणत्या निकालांत उल्लेखला गेला हे तीत पाहायचं. पण वकिलांच्या सूचीत आणखी एक गोष्ट असे. पुढच्या न्यायालयाने तो निकाल उचलून धरला की फिरवला, याचीही खूण तिथे असे. फिरवलेल्या निकालाचा आधार घेऊन उभा राहिलेल्या वकिलाची काय शोभा होते, ते कोर्टात काम केलेल्या कुणालाही विचारा. गारफिल्ड यांनी 1955 मध्ये विज्ञानासाठी तशी सूची सुचवली आणि 1964 मध्ये ती छापून आली. मूळ हेतू ग्रंथपालाचा होता, एका पेपरावरून पुढचे पेपर शोधता यावेत हा. शोधायची ती सोय आम्ही मोजायच्या कामाला लावली, आणि उचलून धरला की फिरवला ही खूण मात्र वाटेत गळून गेली.

ती गळल्याने काय होतं, याचं सर्वांत कडू उदाहरण संपादकांना लिहिलेल्या एका पत्राचंच आहे. 10 जानेवारी 1980 रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या 11,882 रुग्णांना अफूवर्गातलं औषध निदान एकदा दिलं गेलं, त्यांच्यात व्यसन लागल्याची पक्की नोंद फक्त चौघांची सापडली, एवढंच त्यात होतं. पत्र खोटं नव्हतं. ते रुग्णालयातल्या, देखरेखीखालच्या रुग्णांबद्दल होतं. महिनोन्महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. पुढे दीर्घकाळच्या दुखण्यावर याच वर्गातली औषधं सढळ हाताने लिहून दिली जाऊ लागली, तेव्हा 'व्यसन क्वचितच लागतं' या वाक्याच्या शेपटीला हे पत्र लावलं जाऊ लागलं. 2017 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याची सगळी सायटेशन एकेक करून वाचली. 608 निघाली. त्यातल्या 72 टक्के जणांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि 80 टक्क्यांहून अधिक लेखकांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट सांगितलीच नव्हती. अमेरिकेत त्या औषधांच्या व्यसनाने पुढे काय थैमान घातलं ते आपण पाहिलंच आहे. 608 सायटेशन! आमच्या महाविद्यालयात एवढ्यावर पदोन्नती नक्की झाली असती.

लोक न वाचता संदर्भ देतात हे मला या अभ्यासाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं, आणि ते छपाईच्या चुकांवरून कळलं होतं. एका विद्यार्थिनीला जुना पेपर हवा होता. तिने दिलेल्या पानावर भलताच मजकूर निघाला. दोन तास खंड चाळल्यावर पेपर सापडला. पान क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट झाले होते. मग सहज म्हणून आमच्याच ग्रंथालयातले त्या विषयाचे प्रबंध काढले. सहा प्रबंधांत तोच पेपर, तेच उलटे आकडे. म्हणजे पहिल्याने चूक केली आणि पुढच्या पाच जणांनी मूळ पेपर न उघडता आधीच्याची सूची उतरवून घेतली. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी 2003 मध्ये हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली, चुका कशा वारशाने पुढे जातात ते मोजलं आणि अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्केच मूळ पेपर वाचतात. मला तो आकडा जरा उदार वाटला. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या सूचनांत, संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक काल्पनिक पेपर दिलेला होता. पेपर नाही, ते नियतकालिकही नाही. त्याचीही शेकड्याने सायटेशन झाली! नमुना पुसायचा राहिला आणि तसाच छापून गेला.

विज्ञानातल्या फिरवलेल्या निकालांचं, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांचं, काय होतं तेही सांगते. लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 1998 चा पेपर, बारा मुलांवरचा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. 2019 च्या एका अभ्यासात त्याची हजाराहून अधिक सायटेशन तपासली गेली. त्यातली 70 टक्क्यांहून अधिक टीका करणारी होती. मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी मात्र हा अत्यंत 'प्रभावी' पेपर. एका अर्थी खरंच आहे ते. त्याच्या प्रभावाने किती मुलांची गोवराची लस राहून गेली!

वेकफिल्डचं नाव सगळ्यांना माहीत असतं. योआखिम बोल्ट हे नाव किती जणांना माहीत आहे? जर्मनीतले भूलतज्ज्ञ. त्यांची प्रकाशनसूची पाहिली असती तर आपल्या बातमीदाराने मथळ्याचा टाइप आणखी मोठा केला असता. रक्तदाब घसरलेल्या गंभीर रुग्णांना शिरेतून देण्याच्या स्टार्चयुक्त द्रवावर त्यांचे पेपरांवर पेपर, आणि निष्कर्ष त्या द्रवाच्या बाजूचे. 2010 पासून त्यांच्या कामाची चौकशी सुरू झाली, आणि आज त्यांचे 200 हून अधिक पेपर मागे घेतले गेले आहेत. इथवर ही एका माणसाची फजिती. पुढचं ऐका. 2013 मध्ये जामा या नियतकालिकात या द्रवावरच्या सगळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्या लेखकांनी बोल्ट यांच्या सात चाचण्या बाजूला काढून पुन्हा गणित केलं, तेव्हा हा द्रव मिळालेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं आणि मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण जास्त असल्याचं स्पष्ट दिसलं. युरोपात या द्रवाची परवानगी स्थगित व्हायला 2022 उजाडलं. एखाद्या इतिहासकाराची सूची फुगलेली असेल तर फार तर एक खुर्ची चुकीच्या माणसाला मिळेल. आरोग्य-संशोधकाची सूची अतिदक्षता विभागातल्या खाटेपर्यंत पोचते. म्हणून मला त्या बातमीचा एवढा राग आला असावा.

लेखकांच्या नावांबद्दल लिहायला बसले तर वेगळं पत्र होईल. थोडक्यात सांगते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखक कुणाला म्हणावं याचे चार निकष आहेत, आणि चारही पुरे व्हावे लागतात: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. विभागप्रमुख असणं हा त्यात पाचवा निकष नाही. आमच्याकडे मात्र तो पहिला होता. एका निवासी डॉक्टर मुलीने रात्री जागून रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या, आकडेमोड शिकली, मसुदा माझ्यासमोर बसून तीन वेळा लिहिला. पेपर छापून आला तेव्हा ती चौथी होती. पहिल्या तिघांपैकी एकाने मला विचारलं, 'हा आपला कुठला पेपर?' त्यांच्या सूचीत तो आजही आहे. उलट टोकाला 2021 मधला शस्त्रक्रिया आणि कोविड लसीकरणाविषयीचा एक पेपर आहे. त्याचे लेखक 15 हजारांहून अधिक. जगभरच्या रुग्णालयांनी मिळून केलेलं ते काम मोलाचं आहे, त्यात वाद नाही. पण त्याचं एकेक सायटेशन त्या प्रत्येकाच्या खात्यावर जमा होत असेल, तर 'त्यांची सायटेशन' या शब्दांना काय अर्थ उरला?

इम्पॅक्ट फॅक्टरचा उल्लेख बातमीत 'उच्च इम्पॅक्ट फॅक्टर असलेले संशोधक' असा आहे. माणसाला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो. तो नियतकालिकाचा असतो: मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे यंदा सरासरी किती उल्लेख झाले, एवढंच तो सांगतो. एका कर्करोगविषयक नियतकालिकाचा गेल्या काही वर्षांतला इम्पॅक्ट फॅक्टर 200 च्या वर आहे, कारण कर्करोगाच्या वार्षिक आकडेवारीचा लेख त्यात येतो आणि जगातला प्रत्येक कर्करोग-संशोधक आपल्या पहिल्या वाक्यात तोच संदर्भ देतो. त्याच अंकातल्या शेजारच्या लेखाने त्या आकड्याची ऐट मिरवावी का? या आकड्याने माणसं मोजू नका, असं सांगणारा जाहीरनामा सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीतून निघाला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सह्या करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. अर्जातला रकाना मात्र जागच्या जागी आहे.

मग आरोग्य-संशोधकाचं मोठेपण कशावरून ओळखायचं, असं तुम्ही विचाराल. मला एक पेपर आठवतो. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस बनगावच्या छावणीत होते. सलाइन संपत आलेलं, माणसं जमिनीवर. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याच्या पुड्या बांधून घेतल्या, पाण्यात विरघळवल्या, आणि पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं. पेपर 1973 मध्ये जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नलमध्ये आला. ते नियतकालिक पुढे बंद पडलं, त्याला आज इम्पॅक्ट फॅक्टरच नाही. 1978 मध्ये लॅन्सेटने संपादकीयात या उपचाराला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. जुलाब झालेल्या मुलाला ती पाजणारी आई कुठेही संदर्भसूची देत नाही, त्यामुळे महालनबीस यांच्या खात्यावर तिचं सायटेशन जमा होत नाही.

अशी आणखीही उदाहरणं आहेत. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचा 1977 चा पेपर संशोधक-गटाच्या नावाने निघाला, त्यावर एकाही व्यक्तीचं नाव नव्हतं. त्या कामासाठी 2015 मध्ये नोबेल मिळालेल्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांचा त्या पेपरापुरता एच-इंडेक्स काय काढणार? जीवरसायनशास्त्रज्ञ काटालिन कारिको यांना 1995 मध्ये त्यांच्या विद्यापीठाने खालच्या पदावर आणलं. एमआरएनएवरचा, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूवरचा, त्यांचा आणि त्यांचे सहकारी ड्र्यू वाइसमन यांचा 2005 चा पेपर छापून आला तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. कोविडची लस त्यातूनच आली, नोबेल 2023 मध्ये मिळालं, आणि सायटेशनची रास लागली ती त्या सुमारास. आकडा खोटा नव्हता, पण लसीच्या मागोमाग धावत आला.

आकडे छापूच नका, असं मी म्हणत नाही. मी स्वतः ते आयुष्यभर काढले. कुणाचं काम कुणाच्या हाती पोचलं हे शोधायला त्यांच्याइतकी चांगली वाट नाही. पण पुढच्या वेळी आपला बातमीदार अशा सत्काराला जाईल तेव्हा त्याने संशोधकाला एकच विनंती करावी: तुमचा सर्वांत महत्त्वाचा एक पेपर मला दोन मिनिटांत समजावून सांगा, त्यात तुमचा स्वतःचा वाटा कोणता आणि त्याने रुग्णाच्या उपचारात काय बदललं. 'अजून काही बदललेलं नाही' हेही प्रामाणिक उत्तर आहे, आणि मला ते वाचायला आवडेल. जो खरा काम करणारा असतो तो या प्रश्नावर खुलतो. दोन मिनिटं म्हटलं तर अर्धा तास बोलतो. माझ्या टेबलाशी येणाऱ्यांतही असे होते. त्यांना आपला एच-इंडेक्स बहुधा माहीत नसायचा, आणि त्यांची ग्रंथालयातली पुस्तकं कधी वेळेवर परत यायची नाहीत.

पोर्टर आणि जिक यांचं पत्र पाच वाक्यांचं होतं, माझं बरंच लांबलं. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या नोकरीबद्दलचं कापा, मांजरही कापा. पण त्या 11,882 रुग्णांचं वाक्य ठेवलंत, तर त्यातलं 'रुग्णालयात दाखल असलेल्या' एवढं मात्र कापू नका.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय ग्रंथपाल
(नाव आणि पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)